सोलारच्या पाण्याला धुराचा वास

तारामती गेल्याचं कळलं, तेव्हा शेषेराव लातूरला गोलाईजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या पायाशी घरचा तांब्याचा बंब होता.

बंबाची तोटी गळत होती. दोन वर्षं गळत होती. खाली वाटी ठेवायची, वाटी भरली की तुळशीला घालायची, पुन्हा ठेवायची. दोन वर्षं तारामती म्हणत होती, "अहो, तेवढी तोटी झाळून आणा." आणि शेषेराव म्हणत होते, "हाव, आणतो." चाकूरच्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं शिपाई म्हणून घंटा वाजवली होती, एका मिनिटाचा फरक पडू दिला नव्हता. पण घरातल्या कामाला घंटा नसते. शेवटी जानेवारीतल्या एका सकाळी तारामतीनंच बंब पोत्यात घातला, सुतळीनं तोंड बांधलं आणि दारात आणून ठेवला.

"आज हा लातूरला गेला न्हाई तर उद्यापासून थंड पाणी," ती म्हणाली.

एसटीत कंडक्टरनं पोत्यावर टिचकी मारून बघितली. "बाबा, आत कोण हाय? अर्धं तिकीट लागंल." शेषेराव हसले. घरी गेल्यावर तारामतीला हे सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

दुकानदार गुरुपादप्पा जुना माणूस. त्यानं तोटी हलवून बघितली, "तासाभराचं काम हाय, बसा," म्हणाला आणि चहा मागवला. चहा आला त्याच वेळी फोन वाजला. शेजारची रुक्मिणबाई होती.

"भाऊ, घरी या."

"येतो की. तोटीचं काम चालू हाय. तासभर लागंल."

रुक्मिणबाई म्हणाली, "बंब राहू द्या. तुम्ही या."

रुक्मिणबाई रोज सकाळी त्या बंबातलं बादलीभर कढत पाणी न्यायची. तोटीवरून तारामतीपेक्षा तीच जास्त बोलायची. ती बाई "बंब राहू द्या" म्हणते म्हणजे काय झालं असेल, हे शेषेरावांना तिथंच कळलं. पुढचं तिनं सांगायची गरज उरली नाही. अंगण झाडता झाडता तारामती खाली बसली होती, ती उठलीच नाही.

शेषेराव तसेच उठून निघाले. बंब दुकानातच राहिला.

*

दिवस गेले. तेरावा झाला, पाहुणे गेले. एकुलती एक मुलगी दीपाली, तिला नांदेडला दिली होती, तीही सासरी परतली. शेषेराव स्वयंपाक शिकले. वरण जमलं, भाकरी जमेना, चपाती बरी जमू लागली. आंघोळीच्या पाण्याचं मात्र काही जमलं नाही. उन्हाळा होता तोवर चाललं. पावसाळ्यात त्यांनी बाजारातून पाणी तापवायचा विजेचा रॉड आणला. पहिल्याच दिवशी तो बादलीत सोडून ते पेपर वाचत बसले. पेपरातलं शेवटचं पान वाचून उठले तेव्हा प्लास्टिकच्या बादलीला रॉडच्या आकाराचं भोक पडलं होतं आणि पाणी न्हाणीच्या बाहेर आलं होतं.

"नशीब, पाण्यात हात न्हाई घातला," रुक्मिणबाई भिंतीवरून म्हणाली. "भाऊ, बंब आणा की लातूरहून. जळणाला तुराट्या माझ्याकडच्या न्या, लई पडल्यात."

"आणतो," शेषेराव म्हणाले.

गुरुपादप्पाचाही महिन्या दोन महिन्यांनी फोन यायचा. "काका, तुमचा बंब तयार हाय. बगा, घासून पुसून ठेवलाय."

"येतो उद्या," शेषेराव म्हणायचे. आणि थंड पाणी अंगावर घेताना मोठ्यानं "हर हर" करायचे. रुक्मिणबाईनं त्यावरून गल्लीत सांगितलं होतं की शेषेरावांच्या हर हर वर आम्ही घड्याळ लावतो.

असंच चाललं असतं, पण दिवाळीच्या आधी दीपालीच्या सासूचा फोन आला.

सासूचं नाव अयोध्याबाई. नांदेडच्या जुन्या भागात त्यांना सगळे ओळखत. आपल्या भावकीतल्या चौदा बाळंतिणींना त्यांनी स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलं होतं आणि ते त्या वर्षातून चौदा वेळा सांगत. दीपालीला सातवा महिना लागला होता.

"दादा, राग मानू नका," अयोध्याबाई म्हणाल्या. "पहिलं बाळंतपण माहेरी असतं, मला का कळत न्हाई? पण माहेरी बाई न्हाई. पोरीला सव्वा महिना दोन वक्त कढत पाणी लागतंय. बाळाला येगळं. कोण तापवणार? माझ्या पहिल्या बाळंतपणाला थंड पाणी लागलं अंगाला, ती कंबर अजून दुखून राहिली. म्हणून म्हणते, पोर इथंच राहू द्या."

फोनमध्ये मागून दीपालीचा आवाज आला, "बाबाला नीट विचारा, आई." तो आवाज त्यांनी ओळखला. लहानपणी सहलीला जायचं असलं की ती असंच बोलायची, स्वतः मागायची नाही.

समोरच्या भिंतीवर कुणीतरी सोलारची जाहिरात रंगवून गेलं होतं. पिवळा सूर्य आणि त्याच्या तोंडातून पडणारं पाणी. गेली दोन वर्षं शेषेराव ती रोज बघत होते.

"ताई, मी सोलार बसवून राहिलो," ते म्हणाले.

"कधी?"

"याच आठवड्यात."

फोन ठेवून ते चप्पल घालून भिंतीवरचा नंबर लिहून घ्यायला गेले.

*

सोलार बसवायला सोमेश आला. पस्तिशीचा, बोलका, छतावर चढता चढता गाणं म्हणणारा. दोन काचेच्या नळ्या रस्त्यात फुटल्या म्हणून तो आधी शिव्या देत आला, मग रुक्मिणबाईनं चहा दिल्यावर हसू लागला. दुपारपर्यंत त्यानं तिरक्या मांडणीवर काचेच्या काळ्या नळ्या बसवल्या, वर आडवी पांढरी टाकी बसवली आणि ती पाण्याच्या मोठ्या टाकीच्या पाइपाला जोडली.

मोठी टाकी जिन्याच्या वरच्या चौथऱ्यावर होती. तिला एकच भोक होतं. त्यातून पाइप खाली उतरायचा, छतावर कमरेएवढ्या उंचीवर त्याला एक पितळी कॉक होता आणि तिथून सगळ्या घराला पाणी जायचं. सोमेशनं कॉकच्या पुढं पाइप कापून तिथून सोलारला फाटा काढला.

"टाकीला दुसरं भोक पाडायचं कामून?" तो म्हणाला. "आता ऐका, काका. थंड पाणी मागून ढकलतं, तेव्हा गरम पाणी पुढून येतं. न्हाई लाकूड, न्हाई धूर, न्हाई बिल. रात्रभर पाणी गरम राहतं. बाळंतीण काय, आख्खी गल्ली न्हाऊ घाला."

चार वाजता न्हाणीतली तोटी सोडली. पाण्याला हात लावून रुक्मिणबाई "अगाई!" म्हणून ओरडली. मग गल्लीतले सहा-सात जण येऊन एकेक बोट भाजून गेले. शेषेरावांनी दीपालीला फोन करून पाण्याचा आवाज ऐकवला. ती म्हणाली, "बाबा, आवाजावरून काय कळतं गरम हाय का थंड?" पण ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला शेषेराव टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीत गेले. तोटी सोडली. तोटी गुरगुरली, चूळभर पाणी टाकलं आणि गप्प झाली.

त्यांनी हौदातलं थंड पाणी घेतलं. "हर हर."

दुपारी सोमेश आला. तोटी सोडली. पाणी भळभळून आलं, हात घालवेना.

"काय झालं हुतं, काका?"

"सकाळी न्हाई आलं."

"टाकीत पाणी हुतं?"

"काठोकाठ."

"पाइपात हवा धरली असंल." सोमेशनं वर जाऊन काहीतरी ठोकलं, एक आखूड नळी उभी केली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. गुरगुर, चूळभर पाणी, गप्प. सोमेश पुन्हा आला. दुपारची वेळ, पाणी पुन्हा कढत. तिसऱ्या खेपेला त्यानं सगळे जोड खोलून परत बसवले.

"कॉक कुणी फिरवतं का, काका?"

"कोण फिरवणार? घरात मी एकटा. त्याला कोण हात लावतंय?"

सोमेशनं कॉक बघितला. कॉक उघडा होता. त्यानं डोकं खाजवलं. "माझ्या हातनं दोनशे सोलार बसले, पण असं रुसणारं पहिलंच."

भिंतीवरून रुक्मिणबाई म्हणाली, "त्याचं काय चुकलं? शाळेच्या शिपायाच्या घरचं सोलार हाय. दहाला भरतंय, पाचला सुटतंय."

गल्ली दोन दिवस त्यावर हसली. शेषेरावही हसले, पण त्यांना झोप लागेना, कारण अयोध्याबाईंचा पुन्हा फोन आला होता. "शनिवारी येते, दादा. पोरीला घेऊन येते. मुक्काम करीन. रविवारी सकाळी तुमच्या सोलारच्या पाण्यानं मी स्वतः आंघोळ करीन. मग काय ते बोलू."

*

शुक्रवारी शेषेराव आणि रुक्मिणबाई भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून बेत करत होते.

"मी पाच वाजता चूल पेटवते," रुक्मिणबाई म्हणाली. "साडेपाचला पातेलं कढतं. तुम्ही मागल्या दारानं या, भिंतीवरून बादली घ्या, न्हाणीत नेऊन ठेवा. म्हणा, ताई, पाणी काढून ठेवलंय."

"हे खोटं हाय."

"मग खरं सांगा आणि पोरीला नांदेडला ठेवा."

शेषेरावांनी घरातली बादली आणून भिंतीवर ठेवली.

शनिवारी दुपारी जावई दयानंदनं दोघींना गाडीनं आणून सोडलं आणि तो परत गेला. दीपाली अंगणात उभी राहिली, तुळशीकडं बघितलं, झाडू कुठं ठेवलाय ते बघितलं, मग घरात गेली. अयोध्याबाई मात्र चप्पल काढायच्या आधीच न्हाणी बघून आल्या. फरशी चोळून बघितली, खिडकी बंद होते का ते बघितलं, दाराची कडी हलवली. "न्हाणी चांगली हाय," त्या म्हणाल्या. "वारं न्हाई शिरत." शेषेरावांना परीक्षेत पहिल्या प्रश्नाचे मार्क मिळाल्यासारखं वाटलं.

रविवारी सकाळी बेत तंतोतंत पार पडला. पाच चाळीसला वाफाळती बादली न्हाणीत होती. "ताई, पाणी काढून ठेवलंय," शेषेराव म्हणाले, ते नुसतं पाठ केल्यासारखं. अयोध्याबाई आत गेल्या. शेषेराव अंगणात येरझाऱ्या घालू लागले. भिंतीपलीकडं रुक्मिणबाईची भांडी वाजत नव्हती, म्हणजे ती कान देऊन उभी होती.

वीस मिनिटांनी अयोध्याबाई केसांना पंचा गुंडाळून बाहेर आल्या.

"पाणी झ्याक हुतं, दादा."

"हो ना?"

"हाव. एक सांगा. सोलारमधी तुम्ही तुराट्या घालता का पऱ्हाट्या?"

शेषेरावांनी छताकडं बघितलं.

"न्हाई, पाण्याला धुराचा वास येऊन राहिला, म्हणून विचारते. हे बगा, तुरीचं पान सापडलं. जळकं." त्यांनी मूठ उघडून दाखवली. "सूर्यावर तुरीचं पीक लई आलंय म्हणायचं यंदा."

भिंतीपलीकडून फस्सकन हसल्याचा आवाज आला आणि मग रुक्मिणबाई घरात पळाल्याचा. दीपाली दारात येऊन उभी होती. तिनं तोंडावर पदर घेतला होता, पण खांदे हलत होते.

शेषेराव पायरीवर बसले. "ताई, खोटं बोललो. सोलारचं पाणी दुपारी येतं, सकाळी येत न्हाई. कामून येत न्हाई ते कुणालाच कळंना. तीनदा माणूस येऊन गेला. पोरीला इथं ठेवावं वाटलं, म्हणून हे केलं."

अयोध्याबाईंनी पंचा सोडला, केस झटकले. "पोरीसाठी पहाटे भिंतीवरून बादल्या घेणारा माणूस तिला उपाशी ठेवणार न्हाई, एवढं मला कळतंय," त्या म्हणाल्या. "पण मी पाणी बघायला आले. ते बघितल्याबिगर जाणार न्हाई. आज मुक्काम वाढवते. मी आज दिवसभर हे तुमचं सोलारच बघते."

आणि त्यांनी खरंच बघितलं. नऊ वाजता छतावर गेल्या. दहाला तोटी सोडली, कोमट. बाराला सोडली, कढत. दुपारी छतावर छत्री घेऊन बसल्या आणि दीपालीकडून काचेच्या नळ्या मोजून घेतल्या. तीनला खाली येऊन दोन भाकरी खाल्ल्या, शेषेरावांनी केलेल्या. "भाकरी न्हाई जमली," म्हणाल्या, "पण पोट भरलं." पाचला पुन्हा वर गेल्या. रुक्मिणबाईही सकाळचं विसरून त्यांच्याजवळ जाऊन बसली. दोघी एकमेकींना आपापल्या कंबरेचं सांगू लागल्या.

सहा वाजत आले. ऊन उतरलं. शेषेराव वाळलेले कपडे काढायला वर आले. त्यांनी दोरीवरचं धोतर काढलं, बंडी काढली, टॉवेल काढला, सगळं डाव्या हातावर टाकलं आणि जिन्याकडं जाता जाता उजव्या हातानं पितळी कॉक फिरवून बंद केला.

"दादा," अयोध्याबाई म्हणाल्या, "हे काय केलं?"

"काय?"

"कॉक बंद केला तुम्ही."

"मी? न्हाई."

त्यांचा हात अजून कॉकवरच होता. रुक्मिणबाईनं हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं बघितलं.

शेषेरावांनीही हाताकडं बघितलं. कॉक बंद होता. त्यांना खरोखर आठवेना की आपण तो कधी फिरवला. काल फिरवला होता का? परवा? कपडे काढायला आलो होतो, एवढंच आठवत होतं.

दीपाली जिन्याच्या वरच्या पायरीवर आली होती. तिनं हे बघितलं होतं.

"आई असंच करायची," ती म्हणाली. "कपडे काढायची आणि कॉक बंद करायची. सकाळी कपडे वाळत घालायला आली की उघडायची."

मग सगळं एकेक करून जागेवर बसलं. दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षीची गोष्ट. चाकूरला तेव्हा नळाला नवव्या-दहाव्या दिवशी पाणी यायचं. एका संध्याकाळी शेषेराव न्हाणीतली तोटी नीट बंद न करता झोपले आणि सकाळपर्यंत आख्खी टाकी मोरीतून वाहून गेली. पुढचं पाणी यायला आठवडा होता. तारामती त्यांना एक शब्द बोलली नाही. आठवडाभर तिनं आडावरून घागरी आणल्या. पण त्या दिवसापासून संध्याकाळी कपडे काढले की ती कॉक बंद करायची. सकाळच्या आंघोळीचं पाणी खालच्या हौदातून बंबात भरलं जायचं, त्यामुळं कॉक आठ वाजेपर्यंत बंद असला तरी कुणाचं अडत नव्हतं. नंतर पाऊस झाला, पाणी बरं येऊ लागलं, तरी तिनं ते सोडलं नाही.

ती गेल्यावर कपडे शेषेराव काढू लागले. कॉकचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण कपडे काढायचे तर कॉकही आलाच, आणि सकाळी वाळत घातले की तो उघडणंही. सोमेशनं विचारलं तेव्हा ते खोटं बोलले नव्हते. कॉक बंद करणं हे तारामतीचं काम होतं. ते आपण करतो आहोत, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

"थंड पाणी मागून ढकलतं, तेव्हा गरम पुढून येतं," शेषेराव हळूच म्हणाले. सोमेशनं सांगितलं होतं हे. मागचं पाणीच बंद केलं तर पुढून काय येणार?

मग अयोध्याबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. शेषेरावांच्या हातावरचे कपडे त्यांनी काढून घेतले आणि धोतराची घडी घालू लागल्या.

"आजच्या दिवस उघडा ठेवा, दादा," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

शेषेरावांनी कॉक उघडला. बंद करायला कधी जोर लागला नव्हता, उघडायला मात्र लागला. संध्याकाळची वेळ, आणि कॉक उघडा. खाली उतरताना त्यांनी दोनदा मागं वळून बघितलं. न्हाणीतल्या, मोरीतल्या, परसातल्या सगळ्या तोट्या हातानं आवळून आले. तरीही जेवताना मध्येच उठून पुन्हा एकदा आवळून आले.

"झोपा आता, बाबा," दीपाली म्हणाली. "मी ऐकते. गळलं तर उठवते."

*

सोमवारी सकाळी साडेपाचला चौघंही न्हाणीच्या दाराशी होते. रुक्मिणबाई भिंत ओलांडून आली होती, मागल्या दारानं यायचाही तिला धीर नव्हता. अयोध्याबाईंनी तोटी सोडली.

आधी थंड आलं. अर्धी बादली थंड. अयोध्याबाईंनी ते पाणी मोरीत ओतलं नाही, हौदात ओतलं. मग कोमट आलं. आणि मग तोटीवर वाफ दिसू लागली आणि अयोध्याबाईंनी हात मागं घेतला.

"अगं बया!"

"वास बगा, वास," रुक्मिणबाई म्हणाली. "धूर येतोय का?"

अयोध्याबाईंनी दार लावून घेतलं. त्या अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. आतून तांब्याचा आवाज येत होता, पाण्याचा आवाज येत होता, मध्येच "आहाहा" ऐकू येत होतं. बाहेर आल्या तेव्हा तोंड लाल झालं होतं.

"कमरेला लई बरं वाटलं," त्या म्हणाल्या. मग खुर्चीवर बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं, "पोरगी इथंच राहील. पहिला महिना मी पण येऊन राहीन. भाकरी मी करीन, दादा, तुम्ही करू नका. पाण्याचा जिम्मा तुमचा."

दीपालीनं बापाकडं बघितलं. शेषेराव टॉवेल घेऊन न्हाणीकडं निघाले होते, कारण त्यांना डोळे कुणाला दाखवायचे नव्हते. त्या दिवशी न्हाणीतून हर हर ऐकू आलं नाही. गल्लीत दोघांना शाळेला उशीर झाला, असं रुक्मिणबाई सांगते. तिच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं.

शेषेराव बाहेर आले तर दारात रुक्मिणबाई रिकामी बादली घेऊन उभी.

"काय हो?"

"काय म्हणजे? तारामतीच्या बंबातली एक बादली माझी असायची. बंब गेला म्हणून माझी बादली गेली का?"

"घ्या की," शेषेराव म्हणाले. तेव्हापासून ती रोज नेते.

सोमेशला फोनवर सगळं सांगितलं, तर तो इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी तो ड्रिल घेऊन आला. मोठ्या टाकीला त्यानं दुसरं भोक पाडलं आणि सोलारचा पाइप कॉकमधून न नेता थेट तिथून काढला.

"आता हा कॉक सोलारचा न्हाई राहिला, काका. घरच्या बाकी तोट्यांचा हाय. संध्याकाळी बंद केला तरी न्हाणीत गरम पाणी येणार."

"बंद करू?"

"खुशाल करा."

त्या संध्याकाळी शेषेरावांनी दोरीवरचं धोतर काढलं, बंडी काढली, टॉवेल काढला आणि कॉक बंद केला. या वेळी आपण बंद करतो आहोत, हे त्यांना माहीत होतं.

*

जानेवारीत दीपालीला मुलगी झाली. अयोध्याबाई महिनाभर राहिल्या, आता त्या पंधरा म्हणतात. रोज सकाळी न्हाणीत वाफ होते, बाळ आधी रडतं, मग पाणी अंगावर पडलं की गप्प होतं आणि वर बघत राहतं. ते गप्प झालं की शेषेराव बाहेरून विचारतात, "पाणी बरोबर हाय का?" आणि आतून रोज तेच उत्तर येतं, "लई कढत हाय, थोडं थंड द्या."

मध्ये तीन दिवस आभाळ आलं. सोमेशनं आधीच सांगितलं होतं, ऊन नसलं की सोलार काही करू शकत नाही, तेवढ्यापुरतं काहीतरी हाताशी ठेवा. ते तीन दिवस रुक्मिणबाईनं पहाटे चूल पेटवली आणि भिंतीवरून बादल्या दिल्या. या वेळी चोरून नाही. बाळाच्या अंगाला तीन दिवस धुराचा वास येत होता.

तिसऱ्या दिवशी गुरुपादप्पाचा फोन आला. "काका, वर्ष झालं की. बंब तयार हाय. तोटी बिलकूल गळत न्हाई, मी रोज पाणी घालून बघतो."

"येतो उद्या," शेषेराव म्हणाले.

त्याला पंधरा दिवस झाले. बंब अजून लातूरलाच आहे, तो घरी आणायचा राहिला आहे.